डब्याची गुडगुड

कोकंद शहरात जिथे जिथे काचेची मोठी टाकी आणि तिच्यात मासे आहेत, तिथे तिथे सोतिबोल्दी-अका कधी ना कधी जाऊन आलेले आहेत. दातांच्या दवाखान्यात, बाजारामागच्या चहाखान्यात, लग्नाच्या हॉलात, एका शाळेच्या मुख्याध्यापकांच्या खोलीतसुद्धा. गेले की माशांकडे आधी बघायचे नाहीत. टाकीला पाठ टेकून उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि ऐकायचे. दवाखान्यातल्या पेशंटांना वाटे, ह्या म्हाताऱ्याचीही दाढ ठणकतेय. मग डोळे उघडून म्हणत, "पंप हवा ओढतोय. खालच्या टाकीत दोन बादल्या पाणी घाला." दोन बादल्या घातल्या की पंप गप्प होई.

अका म्हणजे थोरला भाऊ, वडीलधाऱ्याला मानाने म्हणायचं. सोतिबोल्दी म्हणजे विकत घेतलेला. आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईने ह्याला शेजारणीच्या हाती खिडकीतून बाहेर दिला आणि वाडगाभर कोंडा मोजून परत विकत घेतला. मरणाला वाटावं, हे मूल ह्या घरचं नाहीच. मरण फसलं आणि अका एकसष्ट वर्षांचे झाले. त्यातली एकोणतीस वर्षं तेलाच्या कारखान्यात नळजोडणीत गेली. कारखाना बंद पडला तेव्हा हातात पाने-पकडी होत्या आणि घरात लहानपणापासूनचा माशांचा नाद होता. दोन्ही जोडून त्यांनी पोट भरलं, दोन मुली वाढवल्या आणि थोरल्या ओयदिनचं लग्न भल्या मोठ्या घरात लावून दिलं.

त्यांच्या कानाचं शहरात कौतुक होतं. बायको करोमत मात्र म्हणायची, "ह्यांना चार घरं पलीकडचा नळ ठिबकलेला ऐकू येतो. मी तीनदा हाक मारलेली ऐकू येत नाही." अका हसून सोडून द्यायचे. हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं, हे त्यांना फार उशिरा कळलं.

ओयदिनच्या सासऱ्याचं नाव मिरझोहिद. शहराबाहेर त्याच्या विटांच्या भट्ट्या आहेत. सगळे त्याला मिरझोहिद-अका म्हणतात. इथे नुसतं मिरझोहिद म्हटलं तरी चालेल. लग्नानंतर वर्षभराने त्याने आपल्या दिवाणखान्यात अडीच मीटर लांब टाकी बसवून घेतली, आणि व्याहीच असल्या कामातला म्हटल्यावर ती बसवली अकांनी. टाकीच्या मागच्या कोपऱ्यात काचेचा उभा, अरुंद डबा असतो. टाकीतलं वरचं पाणी त्याच्या काठावरून आत सांडतं, डब्यातल्या नळीने खाली कपाटातल्या टाकीत उतरतं, तिथे गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. अशा डब्याला दोन खोडी असतात. पाणी उंचावरून पडलं की तो धो धो करतो, आणि नळीने पाण्याबरोबर हवा ओढली की गुडगुडतो. मिरझोहिदच्या डब्याला दोन्ही होत्या. पण तेव्हा त्या घरात कुणी त्याची तक्रार केली नाही. पाहुण्यांना वाटे, कारंजं आहे.

तक्रार झाली ती यंदाच्या शरदात, एका सुन्तेच्या पलोवाला, म्हणजे पुलावाच्या जेवणाला. पहाटेच्या नमाजानंतर पुरुषांची पंगत बसली होती, गाजराचा-मटणाचा वास सुटला होता, आणि मिरझोहिद समोरच्या रांगेतून मोठ्याने म्हणाला, "काय व्याहीबुवा, माझ्या दिवाणखान्यात तुम्ही मासे ठेवलेत, की कुणाला हुक्का ओढायला बसवलंय?"

मंडळी हसली.

"हसू नका, ऐका," मिरझोहिदला चेव आला. "ह्यांच्या दोन वस्तू आहेत माझ्या घरात. एक डबा, एक पोरगी. डबा दिवसभर बडबडतो, पोरगी तोंड उघडत नाही. उलटं असतं तर दोन्हींचा काही उपयोग झाला असता."

अकाही हसले. व्याह्याच्या विनोदाला मुलीच्या बापाने हसायचंच असतं. पण त्यांच्या डोळ्यांसमोर आलं, की हेच बोलणं घरात ओयदिनला रोज ऐकावं लागत असणार. तुझ्या बापाचा डबा, तुझ्या बापाचं काम. तिथल्या तिथे त्यांनी मनाशी ठरवलं: त्या घरात पोरीला बोल लावायला निदान आपल्या हातची वस्तू कारण होऊ द्यायची नाही. डबा असा गप्प करायचा, की तो आहे हेसुद्धा कुणाला कळू नये.

"येतो गुरुवारी," ते म्हणाले. "गप्प करून टाकतो."

मनातून त्यांना बरंही वाटलं. मुलीच्या सासरी बाप उगाच जात नाही. बोलावलं तर जायचं, नानच्या जोड्यांचं गाठोडं घेऊन जायचं, अर्धा तास टेकायचं, दुवा मागून उठायचं. बोलावणं वर्षातून दोनदा, ईदला. ओयदिनचं माहेरी येणंही त्याहून जास्त होत नसे. तिचा नवरा अक्रोम तिकडे रशियात, कझानला, बापाचा सुक्या मेव्याचा धंदा बघायचा. तो घरी नसताना सून माहेरी कशाला, असं सासूचं म्हणणं. म्हणजे लेकीचं तोंड बघायचं तर अकांना एकच दार उघडं होतं, आणि ते त्या टाकीचं होतं.

गुरुवारी अका पिशवी घेऊन गेले. अंगणात वेलीवरची शेवटची द्राक्षं उतरवणं चाललं होतं. ओसरीवर सासूबाई, सबोहत, रजईला टाके घालत बसली होती. ही बाई ओसरीवरून उठत नसे. दिवाणखान्याचं दार, स्वयंपाकघराचं दार आणि रस्त्याचं दार, तिन्ही तिथून दिसायची, आणि कुठल्या खोलीत टाचणी पडली तेही तिथे ऐकू यायचं. सुनेला फोन आला तर तोही तिच्यासमोरच घ्यायचा, आवाज मोठा करून. "आमच्यापासून लपवण्यासारखं काय असणार गं?" ती अगदी गोड हसून विचारायची.

ओयदिनने छातीशी हात नेऊन बापाला सलाम केला, चहा आणला, पेल्यात मानाने अर्धाच ओतला.

"बरी आहेस ना गं?"

"रहमत, दादा," तिने बापाचे आभार मानले. "सगळं छान आहे."

"बारीक झालीस."

"उन्हाळ्यात सगळेच होतात," ओसरीवरून सबोहतने उत्तर दिलं.

अकांनी मान डोलावली आणि कपाटात डोकं घातलं. त्या दिवशी त्यांनी डब्यातली नळी उंच केली, तिच्या तोंडाला वाकडा जोड बसवला. डब्यातलं पाणी वर चढलं, पडण्याचा धो धो थांबला. गुडगुड राहिली. शनिवारी पुन्हा गेले. नळीला खाली एक चावी बसवली, फिरवून कमी-जास्त करता येईल अशी, आणि पाणी तुंबलंच तर उतरायला शेजारी दुसरी नळी रिकामी ठेवली. मग चावी केसभर केसभर आवळत गेले. आवळता आवळता नळी काठोकाठ पाण्याने भरली, हवेला जागाच उरली नाही, आणि गुडगुड विझली. दिवाणखाना इतका शांत झाला की ओसरीवर सबोहतने दोरा दाताने तोडलेला आत ऐकू आला.

ओयदिन काच पुसायचं फडकं घेऊन दारात उभी होती. ती हळू म्हणाली, "अगदीच बंद केलात का, दादा? थोडा राहिला असता तर काय बिघडलं असतं?"

"थोडा?" अकांना हसू आलं. "अगं, नळजोड्याची लेक ना तू? थोडा आवाज म्हणजे अर्धवट काम."

ती काच पुसायला लागली. अकांना तिच्या चेहऱ्यावर थकवा दिसला. काम खूप पडतं बिचारीला, असं त्यांना वाटलं. बघितलं ते खरंच बघितलं. पण त्याच्या पलीकडे नजर नेली नाही.

तिसऱ्या दिवशी मिरझोहिदचा फोन. "व्याहीबुवा, तुमचा हुक्केवाला परत आला."

अका धावले. चावी पाव फेरा उघडलेली होती. पंपाच्या थरथरीने फिरली असेल म्हणून त्यांनी ती घट्ट केली, गुडगुड बंद केली. पाच दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा चावी पाव फेरा उघडी. ह्या वेळी त्यांनी चावीच्या मुठीवर आणि नळीवर पांढऱ्या रंगाने एक सरळ रेघ ओढली. आठवड्याने बघतात तर रेघेची दोन टोकं दोन दिशांना. मुठीवर कणकेचा वाळलेला लपका होता. अकांनी तो नखाने खरवडून काढला. त्या घरात चौदा माणसांच्या नानची कणीक रोज एकटी ओयदिन मळते, हे त्यांना माहीत होतं. पोर इथलंही पुसत असणार, पुसताना धक्का लागत असणार, एवढंच त्यांच्या मनात आलं.

आणखी एक गोष्ट त्यांच्यासारख्या कारागिराच्या ध्यानात यायला हवी होती. चावी दर वेळी उघडलेलीच सापडे, आवळलेली कधीच नाही. अनोळखी हात कधी इकडे फिरवील, कधी तिकडे. आवळली तर पाणी तुंबतं, उघडली तर नुसता आवाज होतो, हे ज्याला ठाऊक आहे तोच दर वेळी उघडील. अख्ख्या घरात हे ठाऊक असलेलं एकच माणूस होतं. पण अका त्या दिवसांत स्वतःवरच चिडलेले होते. हात थरथरायला लागले का आपले? कान गेले का? बाजारात मिरझोहिदने चार लोकांत त्यांना 'गुडगुड-अका' म्हटलं होतं आणि ते नाव चहाखान्यापर्यंत पोचलं होतं. त्यांना जेवण गोड लागेना. ह्या वयात एका डब्यापुढे हात टेकायची वेळ यावी, आणि ते पोरीच्या सासरी, ह्याची त्यांना खरोखर लाज वाटत होती.

"आता फोन आला तर मी नाव बदलीन," ते करोमतला म्हणाले.

करोमतने त्यांच्याकडे बघितलं. "राहू द्या ना तो आवाज," ती म्हणाली. "पाण्याचाच आवाज आहे. कुणाचं काय जातं?"

"तूही आता ओयदिनसारखंच बोलायला लागलीस."

करोमत भांडी उचलून आत गेली.

चौथ्यांदा फोन आला तेव्हा अकांनी काम कायमचं मिटवलं. चावी नेमकी लावली, कान टेकवून दहा मिनिटं ऐकलं, मग वरचा स्क्रू सोडवून चावीची मूठच काढून घेतली. नुसता गुळगुळीत दांडा राहिला. पकडीशिवाय तो कुणाच्या बापाला फिरवता येणार नव्हता. मूठ खिशात घालून ते उठले तेव्हा ओयदिन समोर उभी होती. तिची नजर त्यांच्या खिशावर होती.

"दादा, मूठ ठेवा ना इथेच. कधी लागली तर."

"लागायची नाही," अका म्हणाले. "आता तुला कुणी काही बोलणार नाही, बघ."

मिरझोहिद स्वतः दिवाणखान्यात येऊन बसला. डोळे मिटून त्याने ऐकलं, अकांची नक्कल केल्यासारखं. मग मांडीवर थाप मारून म्हणाला, "मानलं. आता कसं घर घरासारखं वाटतं." ओसरीवर सबोहतची सुई टुचूक टुचूक चालली होती, ती दिवाणखान्याच्या कोपऱ्यातही स्पष्ट ऐकू येत होती. अका घरी गेले ते तरंगतच.

पुढचे तीन दिवस फोन आला नाही. मिरझोहिदची तक्रार नाही, म्हणून अका खुशीत होते. चौथ्या दिवशी दुपारी जेवायला घरी आले तर जेवणाचा दस्तरखान अंथरलेलाच नव्हता. चूल गार. करोमत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मांडीत फोन घेऊन बसली होती, आणि धाकटी मवलुदा तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. मवलुदाचे डोळे लाल झाले होते.

"काय झालं? कोण गेलं?"

"अहो, तुम्ही काय करून आलात तिथे?" करोमत म्हणाली.

"कुठे?"

"तो डबा. पुरता बंद केलात?"

"पुरता. मूठ काढून आणली. व्याही स्वतः म्हणाला…"

करोमतने डोक्यावरच्या रुमालाचा बोळा तोंडात धरला आणि रडायला लागली. एकतीस वर्षांच्या संसारात अकांनी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. ते तिच्यासमोर उकिडवे बसले. मग जे ऐकलं ते तुटक तुटक, हुंदक्यांमधून ऐकलं.

ओयदिन रोज आईशी बोलत होती. दोन वर्षं, रोज. सकाळी अका कामाला गेले, की साडेदहाला ती दिवाणखान्याची काच पुसायला जाई. टाकीमागच्या कोपऱ्यात, त्या डब्याला खेटून, भिंतीकडे तोंड करून ती फोन कानाला लावी. डब्याच्या गुडगुडीत तिचं बोलणं ओसरीपर्यंत जात नसे. अख्ख्या घरात तेवढी एक हातभर जागा तिला बोलायला होती. पाच मिनिटं, कधी सात. कधी काही न बोलता नुसती रडायची, आणि ते रडणंही त्या आवाजात खपून जायचं.

"काय बोलायची?" अकांनी विचारलं. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

"काय नाही बोलायची? अक्रोमने तिकडे कझानला दुसरी बाई ठेवलीय. मूल झालंय त्यांना. घरात सगळ्यांना माहीत आहे. आणि इथे सासू हिला वांझ म्हणते. तीन वर्षांत तो पन्नास दिवस तरी घरी राहिलाय का, विचारा. सगळ्यांचं झालं की उभ्याने जेवते ती. गेल्या महिन्यात नान करपले म्हणून त्या बाईने तिला वेणी धरून तंदूरपासून ओसरीपर्यंत ओढत नेलं."

अकांचा हात खिशातल्या चावीच्या मुठीवर गेला.

"मला का नाही सांगितलं?"

"तिने शपथ घातली. म्हणाली, दादा लगेच भांडायला येतील, आणि मवलुदाची सोयरीक ठरतेय ती मोडेल. थोरली परत आलेली असली तर धाकटीला कोण करणार? म्हणाली, तिचं होईपर्यंत मी काढीन. मी मूग गिळून बसले. माझंही चुकलं." करोमतने फोन पुढे केला. "तुम्ही बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी तिने फोन केला. म्हणाली, 'आई, दादांनी…' आणि मागून सासूचा आवाज आला. तेवढंच. तेव्हापासून फोन बंद आहे. तीन दिवस झाले."

लोक ज्याला पाण्याचा डॉक्टर म्हणत, त्याने रेघा ओढून, मूठ काढून, मोठ्या हौसेने आपल्याच लेकीचा गळा दाबला होता. तिने कणकेच्या हाताने येऊन येऊन चावी उघडली होती आणि ह्याने येऊन येऊन ती आवळली होती. दोनदा तिने तोंडाने सांगितलं, तेही ह्याला ऐकू आलं नाही. स्वतःची एवढी चीड त्यांना जन्मात कधी आली नव्हती.

"दादा," मवलुदा म्हणाली, "माझ्या सोयरिकीचं मरू द्या. जा तुम्ही."

ते लगेच निघाले. मुलीच्या सासरी बिनबोलावता, भरदुपारी, हातात नानचं गाठोडं नाही, अंगावर कामाचे कपडे. दार सबोहतनेच उघडलं.

"व्याहीबुवा? आवाज तर नाही होत."

"नाही होत. एक गोष्ट बघायची राहिलीय."

त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही. दिवाणखान्यात मिरझोहिद जेवून लवंडला होता, तो उशीवरून उठून बसला. अका टाकीपाशी गेले, गुडघे टेकले, कपाट उघडलं. खिशातली मूठ दांड्यावर बसवली आणि पाव फेरा नाही, चांगला अर्धा फेरा उघडली. डब्यातलं पाणी सर्रकन खाली गेलं आणि नळी घशात घास अडकल्यासारखी गुडगुडायला लागली. दिवाणखाना त्या आवाजाने भरून गेला.

"अहो, हे काय?" मिरझोहिद ओरडला. "नीट होतं ते."

"नीट नव्हतं," अका म्हणाले. "ओयदिनला पाठवा. बॅटरी धरायला माणूस पाहिजे."

ओयदिन आली. डोक्यावरचा रुमाल कपाळापर्यंत ओढलेला, कोपरापर्यंत हात ओले. बापाशेजारी खाली बसली. अकांनी तिच्या हातात बॅटरी दिली आणि डब्याला टेकून, भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आईने सांगितलं मला सगळं. आता तू बोल. तुला घरी यायचंय?"

ओयदिनने बॅटरीचा उजेड नळीवर धरला. मग बापाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "मला न्या, असं मी नाही म्हणू शकत, दादा. सुनेने मागितलं तर ती पळून गेली म्हणतात. तुम्ही म्हणा."

अकांनी चावी हळूहळू आवळली. पाणी चढत गेलं, गुडगुड कमी झाली, मग एक शेवटचा घोट घेऊन थांबली. ओसरीवरची सुईसुद्धा थांबलेली होती. त्या शांततेत ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "व्याहीबुवा, मी माझ्या लेकीला घरी नेतोय."

"पाहुणी म्हणून?"

"नाही."

सबोहत दारात येऊन उभी राहिली. "बघा, बघा. हिनेच कान भरले असतील. मी त्या दिवशीच पकडली होती."

"तिने काही मागितलेलं नाही," अका म्हणाले. "तिचा बाप मागतोय. तुमच्या अक्रोमला कझानमध्ये मूल आहे, त्याचं तोंड बघायला तुम्ही जा. माझी पोर तुमची कणीक मळायला ठेवलेली नाही."

मिरझोहिदने घसा खाकरला. "हा उंबरा ओलांडला तर तुमच्या धाकटीला ह्या शहरात कुणी विचारणार नाही, व्याहीबुवा. मी बघीन ते."

"बघा," अका म्हणाले. पण मिरझोहिदने मनात आणलं तर तसं होऊ शकतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि पुढे झालंही. त्याच आठवड्यात मवलुदाला मागणी घालणाऱ्यांकडून गोड शब्दांत नकार आला. पण ते नंतर. त्या दुपारी ओयदिन आत गेली आणि एक गाठोडं घेऊन बाहेर आली. फोन तिला परत मिळाला नाही. सबोहतने तिच्या कानातल्या सोन्याच्या रिंगा उतरवून घेतल्या आणि ओयदिनने मान खाली घालून त्या उतरवू दिल्या. अका गाठोडं उचलून दाराकडे वळले. थांबले असते तर हात उचलला गेला असता.

भाड्याच्या छोट्या गाडीत मागच्या बाकावर बापलेक शेजारी बसले. अकांना खूप काही बोलायचं होतं. मला ऐकू यायला हवं होतं, हेच त्यांना म्हणायचं होतं, पण ते मांडीवरचं गाठोडं सावरत राहिले. एकदा ओयदिनचे ओठ हलले. गाडीच्या धडधडीत त्यांना ते कळलं नाही, म्हणून ते वाकून म्हणाले, "जरा मोठ्याने बोल, बाळा." ती पुन्हा बोलली, तितकंच हळू. तिने विचारलं होतं, मवलुदा रागावली आहे का.

घरी करोमत फाटकातच उभी होती. तिने लेकीला छातीशी धरलं, कपाळ चाचपलं, केस चाचपले, आणि अंगणातल्या बाजेवर आणून बसवलं. मवलुदाने चहा आणला. फाटक बंद होतं. शेजारचे लोक कापूस वेचायला गेलेले होते, आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. घरातल्या चौघांशिवाय ऐकणारं कुणी नव्हतं.

"बोल गं," करोमत म्हणाली. "आता बोल. कुणी नाही इथे."

ओयदिनने मान हलवली. तिने ओठ उघडले, रस्त्याच्या बाजूला बघितलं, ओठ मिटले. मग बाजेवरून उठून ती अंगणाच्या कोपऱ्यात नळापाशी गेली. नळ पुरता सोडला. खालच्या पत्र्याच्या बादलीत पाण्याचा धो धो आवाज व्हायला लागल्यावर तिने आईला हाताने जवळ बोलावलं, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि बोलायला लागली. बादली भरली, पाणी काठावरून वाहून अंगणभर पसरायला लागलं. सोतिबोल्दी-अका बाजेवर बसून बघत राहिले. नळ बंद करायला ते उठले नाहीत.